युरेनियमचा साठा ते भरलेला ड्रम: प्रकल्प नेमका कुठे अडतो?

खडकवाट
युरेनियमच्या प्रकल्पांची सादरीकरणे पाहिली की एक सरळ बाण दिसतो: साठा, अभ्यास, परवाने, बांधकाम, उत्पादन. वास्तवात कॅनडातल्या सिगार लेकचा साठा १९८१ मध्ये सापडला आणि उत्पादन २०१४ मध्ये सुरू झाले. जगभर दहा-पंधरा वर्षे तर सहज जातात, आणि कितीतरी साठे कागदावरच राहतात.

दोष दिला जातो तो भावाला आणि परवान्यांना. भावाचा मुद्दा खोटा नाही. हजर बाजारात (तात्काळ खरेदीत) युरेनियमचा दर पाउंड वजनाला भाव २००७ च्या मध्यात १३० डॉलरच्या वर होता, २०१६ च्या अखेरीस १८ च्या आसपास आला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा १०० च्या पुढे गेला. अशा बाजारात कोणाचाही हात आखडणारच. पण माझे मत असे की अडणारे बहुतेक प्रकल्प पहिल्या दोन-तीन वर्षांत जे मोजायला हवे होते ते न मोजल्यामुळे अडतात. भाव फक्त ते उघडे पाडतो.

चर्चेसाठी एक नमुना धरू. ग्रेड, म्हणजे खनिजातले युरेनियमचे प्रमाण, ०.१ टक्के; म्हणजे टनाला १ किलो यु३ओ८ (युरेनियम ऑक्साइड), साधारण २.२ पाउंड. यातला प्रत्येक पाउंड ड्रमपर्यंत नेताना कुठे गळती होते आणि कुठे काम थांबते? ज्याने त्याने आपापल्या टप्प्याबद्दल लिहावे. आकडे दिलेत तर फार उत्तम.

गॅमालॉग
पहिली गळती साठ्याच्या आकड्यातच असते.

युरेनियमसाठी मारलेल्या प्रत्येक बोअरमधून कोअर (खडकाचा सलग दंडगोल नमुना) काढत नाहीत, ते परवडत नाही. बोअर मारायची, गॅमा प्रोब सोडायचा आणि त्या मोजणीवरून ग्रेड काढायची. अहवालात यु३ओ८ च्या आधी 'ई' लावलेला दिसतो तो 'सममूल्य' या अर्थाने. मुद्दा असा की प्रोब जे मोजतो ते गॅमा किरण मुख्यतः युरेनियमचे नसतातच. ते येतात बिस्मथ-२१४ आणि शिसे-२१४ यांच्याकडून, म्हणजे युरेनियमपासून होणाऱ्या रेडियमच्या पोराबाळांकडून. खडक दहा लाख वर्षांहून जास्त काळ न हलता पडून असेल तर आई आणि लेकरे समतोलात असतात आणि गॅमावरून काढलेली ग्रेड बरोबर येते.

वालुकाश्मातल्या साठ्यांत भूजल वाहते. युरेनियम विरघळून पुढे सरकते, रेडियम बरेचसे मागे राहते. मग मागच्या भागात गॅमा भरपूर पण युरेनियम कमी, आणि पुढच्या टोकाला ताजे युरेनियम भरपूर पण गॅमा कमी. एकाच साठ्यात दोन्ही बाजूंनी चूक होते. सरासरी जुळली म्हणून कोणी खूश होऊ नये, कारण विहिरी सरासरीवर खोदत नाहीत.

उपाय ठरलेले आहेत. ठरावीक बोअरमध्ये कोअर काढून रासायनिक तपासणी करायची आणि साठ्याच्या प्रत्येक भागासाठी समतोलाचा गुणक वेगळा काढायचा. वालुकाश्मात न्यूट्रॉन प्रोबही वापरायचा, तो युरेनियम-२३५ चे विखंडन घडवून थेट युरेनियम मोजतो. बोअरचा व्यास, त्यातला चिखल आणि केसिंगची (आत घातलेल्या पाइपाची) जाडी यांची दुरुस्ती प्रत्येक लॉगला, म्हणजे मोजणीच्या नोंदीला, लावायची. प्रोबची तपासणी ज्ञात ग्रेडच्या खड्ड्यात वेळोवेळी करायची आणि तिची नोंद जपायची. साठ्याचा अंदाज 'अनुमानित' वर्गातून 'दर्शित' आणि 'मोजलेला' या वर्गांत न्यायचा असेल तर तपासनीस हीच नोंदवही आधी मागतो.

उत्सुक
म्हणजे आजोबा घर सोडून गेले तरी नातवंडांचा गोंगाट ऐकून आपण म्हणायचे, आजोबा घरीच आहेत!

गॅमालॉग
@उत्सुक, उदाहरण चपखल आहे. नातवंडे किती मागे राहतात तेही बघा. थोरियम-२३० चा अर्धायुकाल सुमारे ७५ हजार वर्षे, रेडियम-२२६ चा १६०० वर्षे. भूजलाने काही हजार वर्षांपूर्वी युरेनियम हलवले असेल तर गॅमाला त्याचा पत्ता अजून लागलेला नसतो.

भूजल
खडकवाट यांच्या मताशी सहमत. मी लिहिते ते विहिरींतून जागच्या जागी विरघळवून युरेनियम काढण्याबद्दल. जगातले निम्म्याहून अधिक युरेनियम आज याच पद्धतीने निघते, आणि एकट्या कझाकस्तानचा वाटा जागतिक उत्पादनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास आहे.

थर पाण्याने भरलेला हवा, त्यातून पाणी वाहायला हवे, आणि वर-खाली चिकणमातीचे झाकण हवे. तिन्हींपैकी एक नसेल तर ग्रेड कितीही चांगली असो, ही पद्धत तिथे लागू नाही. हे ठरवते पंप-चाचणी. एका विहिरीतून काही दिवस सलग उपसा करायचा आणि आजूबाजूच्या निरीक्षण विहिरींची पातळी बघत राहायचे. त्यातल्या काही विहिरी वरच्या आणि खालच्या जलधरातही (पाणी धरणाऱ्या थरातही) हव्यात. वरच्या जलधरातली पातळी हलली तर झाकण गळते आहे असे समजावे.

आणि हे झाकण पुष्कळदा निसर्गाने फोडलेले नसतेच. जुन्या शोधमोहिमांत मारलेल्या आणि सिमेंटने न बुजवलेल्या बोअर तिथे असतात. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी बोअर मारली, लॉग काढला, वर माती ढकलली आणि निघून गेले. ती बोअर म्हणजे दोन जलधरांना जोडणारी नळीच. अशा बोअर नकाशावर शोधून, पुन्हा उघडून, तळापासून सिमेंट भरत वर यावे लागते. म्हणून कळकळीने सांगते, प्रत्येक बोअर पहिल्या दिवसापासून नीट बुजवा. पिण्याचे पाणी वरच्या जलधरात असेल तर ही हयगय अक्षम्य आहे.

आता प्रत्यक्ष विहिरींची मांडणी. नेहमीची रचना म्हणजे चार कोपऱ्यांत युरेनियम विरघळवणारे आम्ल किंवा क्षारीय द्रावण सोडणाऱ्या विहिरी आणि मधोमध उपसा विहीर. सोडतो त्यापेक्षा साधारण १ टक्का जास्त उपसायचे, म्हणजे पाण्याचा ओढा आतच राहतो. विहिरींच्या क्षेत्राभोवती निरीक्षण विहिरींचे कडे असते. तिथे क्लोराइड, विद्युतवाहकता आणि क्षारता वाढू लागली की द्रावण बाहेर निघाले. युरेनियमची वाट बघत बसू नये, ते सर्वात शेवटी पोचते.

हिशेब असा. ताशी १००० घनमीटर द्रावण, लिटरला ६० मिलिग्रॅम यु३ओ८. तासाला ६० किलो, वर्षभर न थांबता चालले तर ५२५ टन. ग्रेड ४० वर उतरली की तेच ३५० टन. प्रत्येक विहीर-क्षेत्राची ग्रेड सुरुवातीला चढते आणि मग उतरतच जाते. म्हणून नवी क्षेत्रे सतत जोडत राहावे लागते. पहिल्या क्षेत्रावर सगळा पैसा संपवला तर दुसऱ्या वर्षी संयंत्र अर्धे उपाशी. आणि तो १ टक्का जादा उपसा? ताशी १० घनमीटर, दिवसाला २४० घनमीटर दूषित पाणी. ते बाष्पीभवन तलावात जाणार की खोल विहिरीत? त्या खोल विहिरीचा परवाना वेगळा असतो आणि बरेच जण तो सर्वात शेवटी मागतात.

तळघर
भूजलताई, विहिरी बुजतात त्याबद्दलही लिहा ना. बहुतेक तक्रारी तिथल्याच असतात.

भूजल
@तळघर, हो. लक्षण एकच: द्रावण सोडणाऱ्या विहिरीचा दाब हळूहळू चढतो आणि प्रवाह उतरतो. कारणे मात्र वेगवेगळी. आम्ल पद्धतीत खडकातले कॅल्शियम आणि आम्लातले सल्फेट मिळून जिप्सम होते. ते विहिरीतल्या जाळीच्या फटींत पांढुरक्या सुयांसारखे धरते. पीएच चढला की लोहाचा तांबूस चिकट गाळ बसतो. क्षारीय पद्धतीत कॅल्साइट (चुन्याचे खनिज) साचते, काही चिकणमात्या सोडियममुळे फुगतात, आणि ऑक्सिजन जास्त सोडला तर बुडबुडे वाळूच्या कणांत अडकून वाट बंद करतात.

वर काढलेला गाळ आधी तपासा, मगच उपाय करा. लोहाच्या गाळावर आणि कॅल्साइटवर आम्ल चालते. जिप्समवर आम्लाचा फारसा परिणाम नाही, तिथे हवेच्या दाबाने आणि ब्रशने घासून जाळी मोकळी करावी लागते. सगळ्यांना एकच औषध दिले की पैसे जातात आणि विहीरही जाते. केसिंगची दाब-चाचणी प्रत्येक विहिरीची, सुरू करण्याआधी आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर करायची.

आम्लधारा
विहिरींचे ठीक आहे, पण मी थोडा असहमत. माझ्या मते प्रकल्प अडवतो तो खडकातला चुना.

गणित शाळेतले आहे. १०० ग्रॅम कॅल्साइट ९८ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल खाते. म्हणजे खनिजात १ टक्का कॅल्साइट असेल तर टनामागे जवळजवळ १० किलो आम्ल नुसते चुन्यात जिरते. ३ टक्के असेल तर ३० किलो, आणि तेही खडकवाट यांच्या नमुन्यातले जेमतेम १ किलो यु३ओ८ मिळवण्यासाठी. डोलोमाइट याहून किंचित जास्त खातो. म्हणूनच आंध्र प्रदेशातल्या तुम्मलपल्लेत, जिथे युरेनियम डोलोमाइटी खडकात आहे, तिथे आम्ल सोडून दाबाखालची क्षारीय पद्धत घ्यावी लागली. क्षारीय पद्धतीत सोडा आणि बायकार्बोनेट वापरतात. तिथे दळण अधिक बारीक लागते, तापमान जास्त लागते, आणि खनिजात पायराइट असेल तर तो सोडा गिळत बसतो. थोडक्यात, चुना एका बाजूला आणि गंधक दुसऱ्या बाजूला. दोन्ही भरपूर असलेले खनिज सर्वात अवघड.

दुसरी गोष्ट खनिजाची जात. युरेनिनाइट आणि कॉफिनाइट ही युरेनियमची खनिजे सहज विरघळतात. ब्रॅनराइट असेल तर ग्रेड तीच दिसते पण साध्या परिस्थितीत मोठा हिस्सा खडकातच राहतो. तपासणीचा आकडा दोन्हींत सारखाच येतो, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वसुलीचा टक्का कोणी लिहू नये.

तिसरी, ऑक्सिडीकरण. चार-संयुजी युरेनियम विरघळत नाही, त्याला सहा-संयुजी करावे लागते. ते काम प्रत्यक्षात फेरिक लोह करते, आणि लोहाला पुन्हा फेरिक करण्यासाठी पायरोलुसाइट किंवा सोडियम क्लोरेट घालतात. टाकीतला विद्युत-विभव बघत राहायचा. तो पडला की आम्ल कितीही ओता, वसुली वाढत नाही.

आणि कळीचे म्हणजे प्रयोगशाळेतल्या चाचण्या जागेवरच्या पाण्याने करा. नळाच्या पाण्याने केलेली चाचणी सुंदर दिसते. जागेवरचे पाणी खारट असेल तर क्लोराइड रेझिनवरच्या (द्रावणातले युरेनियम धरून ठेवणाऱ्या मण्यांवरच्या) जागा अडवते आणि रेझिनची क्षमता कोसळते. संयंत्र उभे राहिल्यावर हे कळले तर पूर्ण विभाग बदलावा लागतो.

भूजल
@आम्लधारा, चुन्याचा मुद्दा विहिरींनाही लागू आहे. थरात कार्बोनेट साधारण २ टक्क्यांच्या वर गेले की आम्लाऐवजी क्षारीय द्रावणाचा विचार सुरू होतो. तेव्हा हे असहमत नाही, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आम्लाची उपलब्धता हाही वेगळा धोका आहे. कझाकस्तानच्या कझाटोमप्रॉम कंपनीने २०२४ च्या उत्पादनाचा अंदाज खाली आणला त्यामागे आम्लाचा तुटवडा हे मोठे कारण होते. नवे क्षेत्र आम्लाने भिजवायलाच काही महिने जातात, तेव्हा आजचा तुटवडा पुढच्या वर्षीच्या ड्रममध्ये दिसतो.

तळघर
भूमिगत खाणीबद्दल दोन गोष्टी. पाणी आणि हवा.

पाणी: सिगार लेकला बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले, ऑक्टोबर २००६ मध्ये खाण पाण्याखाली गेली, पाणी काढत असताना २००८ मध्ये पुन्हा पाणी शिरले. खनिज सुमारे ४५० मीटर खोल, वर पाण्याने भरलेला वालुकाश्म. तिथे जमीन आधी गोठवतात, मग उच्च दाबाच्या पाण्याच्या झोताने खनिज कापून खालच्या बोगद्यात उतरवतात. अशा ठिकाणी पंपांची क्षमता 'अपेक्षित' पाण्यावर ठरवू नये, सर्वात वाईट शक्यतेवर ठरवावी. पाणी शुद्ध करण्याची क्षमताही तेवढीच हवी. पंप आहेत पण उपसलेले पाणी सोडायला जागा नाही, अशी अवस्था व्हायला वेळ लागत नाही.

हवा: रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची खरी पीडा त्याच्या अपत्यांची, म्हणजे त्याच्या क्षयातून होणाऱ्या मूलद्रव्यांची. ताज्या हवेत रेडॉन शिरला तरी सुरुवातीला अपत्ये कमी असतात. पण तीच हवा बोगद्यात रेंगाळली की पहिल्या तासाभरातच ती झपाट्याने वाढतात. त्यामुळे नुसती हवा किती घनमीटर येते ते सांगून भागत नाही, ती किती वेळ आत राहते ते सांगा. एका कामाच्या जागेवरून गेलेली हवा दुसऱ्या जागेला देऊ नका. बंद केलेले बोगदे भिंत घालून बंद करा. त्या बाजूचा दाब कमी ठेवा, म्हणजे आतली हवा कामगारांकडे न येता बाहेरच्या मार्गाला जाईल.

कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. आराखडा करताना मात्र २० च्या बराच खाली थांबायला हवे. मर्यादेला टेकून केलेल्या आराखड्यात एक पंखा बंद पडला की माणसांना बाहेर काढावे लागते.

गाळाचा_हिशेब
सगळे ड्रमाकडे बघताहेत. ड्रमात न जाणाऱ्या मालाचे काय?

०.१ टक्के ग्रेड, ९० टक्के वसुली, वर्षाला १००० टन यु३ओ८. त्यासाठी ११ लाख टनांहून अधिक खनिज दळावे लागेल, आणि जवळजवळ ते सगळेच टेलिंग, म्हणजे युरेनियम काढून उरलेला गाळ, म्हणून मागे राहील. वर चुन्याने उदासीन करताना तयार झालेले जिप्सम वेगळे. खनिजातल्या एकूण किरणोत्सर्गापैकी सुमारे ८५ टक्के या गाळातच राहतो, कारण युरेनियम काढले तरी थोरियम आणि रेडियम तिथेच असतात.

टेलिंग तलाव ही शेवटी विचार करायची गोष्ट नाही. अमेरिकेत चर्च रॉक इथे १६ जुलै १९७९ ला टेलिंगचा बांध फुटला आणि ११०० टनांच्या आसपास गाळ व ९ कोटी गॅलनहून अधिक आम्लयुक्त पाणी पुएर्को नदीत गेले. खालच्या लोकांची गुरे आणि पाणी त्याच नदीवर होते.

उघड्या खाणीत गाळ परत खड्ड्यात भरणे हा उत्तम उपाय. पण वेळापत्रक बघा: पहिला खड्डा पूर्ण रिकामा होण्याआधीच गाळ यायला सुरुवात होते. मधल्या दोन-तीन वर्षांसाठी तात्पुरता तलाव लागतो, त्याला अस्तर लागते, परवाना लागतो, आणि तो गाळ पुन्हा उचलायचा खर्च लागतो. सोडण्याच्या पाण्यातले रेडियम बेरियम क्लोराइड घालून सल्फेटबरोबर खाली बसवतात. तो थोडासा गाळही किरणोत्सर्गी, त्याचीही जागा ठरलेली हवी.

उत्सुक
+१. हा प्रतिसाद वाचनखुणांत ठेवला.

हिशेबनीस
तांत्रिक बाजू मान्य. तरीही माझे ठाम मत: विक्रीचा करार नसेल तर प्रकल्प नाही.

युरेनियमचा बहुतांश व्यवहार वीज कंपन्यांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांनी होतो. हजर भाव बातम्यांत येतो, बँक मात्र कराराकडे बघते. कोणी तळभाव आणि वरची मर्यादा ठरवून घेतो, कोणी मूळ भावाला महागाईची वाढ लावून घेतो. नव्या उत्पादकाने एकच प्रकार घेऊ नये.

चूक होते ती उलट बाजूने. कर्ज मिळावे म्हणून पहिल्याच वर्षापासून पूर्ण क्षमतेची विक्री बांधून टाकतात. संयंत्र क्षमतेला पोचायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. पहिल्या काही महिन्यांत तर बराच माल द्रावणात, रेझिनवर आणि टाक्यांत अडकलेला असतो, तो तयार झालेला असतो पण विकता येत नाही. मग करार पाळायला हजर बाजारातून माल विकत घ्यावा लागतो. भाव चढा असेल तर पहिले वर्षच तोट्यात. पहिल्या दोन वर्षांत अपेक्षित उत्पादनाच्या निम्म्याच्या आसपास बांधावे असे मला वाटते.

आणि खाण बंद करण्याच्या खर्चाची हमी सुरुवातीलाच द्यावी लागते. ती भांडवली खर्चात धरली नाही तर अर्थपुरवठ्याच्या शेवटच्या बैठकीत सगळे गणित हलते.

शेवटचा_ड्रम
करार झाला, माल तयार झाला, तरी काम संपत नाही.

माल २०० लिटरच्या पोलादी ड्रममध्ये भरतात, एका ड्रमात साधारण ४०० किलो. ते २० फुटी कंटेनरमध्ये पक्के बांधून, सातव्या वर्गाचा धोकादायक माल म्हणून जातात. सगळी बंदरे आणि सगळ्या जहाज कंपन्या हा वर्ग घेत नाहीत. मार्ग आधी ठरवा, मगच करारात तारीख लिहा.

पैसे मिळतात ते रूपांतरण संयंत्रात (युरेनियमवर पुढची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात) वजन, ओलावा आणि नमुना तपासल्यावर. तिथे मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, झिर्कोनियम, सोडियम, फ्लोराइड, क्लोराइड वगैरेंच्या मर्यादा आहेत. एका मर्यादेपर्यंत दंड, त्यापुढे माल नाकारतात. मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम युरेनियमबरोबर रेझिनवर चढतात, म्हणून ते खनिजात आहेत का हे पहिल्या कोअर तपासणीतच बघावे.

हायड्रोजन पेरॉक्साइडने अवक्षेपित केलेल्या (द्रावणातून घन रूपात खाली बसवलेल्या) मालाबद्दल एक सूचना. सुकवून गरम असतानाच ड्रमचे झाकण आवळू नका. आतला उरलेला ओलावा आणि पेरॉक्साइड यांचा वायू होऊन दाब चढतो. तेलाचा अंश मिसळला असेल तर धोका आणखी वाढतो. झाकण फुगलेले दिसले तर ते उघडायला समोर उभे राहू नका. भरल्यावर काही तास झाकण सैल ठेवून थंड होऊ द्या, आवळण्याआधी तापमान मोजून लिहा.

आम्लधारा
@शेवटचा_ड्रम, तेलावरून आठवले. द्रावक निष्कर्षणात, म्हणजे तेलकट द्रावकाने युरेनियम वेगळे करताना, केरोसीन वापरतात, त्या विभागात आगीचा धोका खरा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ऑलिंपिक डॅम खाणीला १९९९ आणि २००१ मध्ये अशा आगी लागल्या. प्लास्टिकच्या पाइपांतून केरोसीन वाहते तेव्हा स्थिर विद्युत साठते. पाइपाचे साहित्य, प्रवाहाचा वेग आणि अर्थिंग हे आराखड्यातच ठरवा.

खडकवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. भूजलताई आणि गॅमालॉग, पहिल्या दोन वर्षांत पैसे मोजकेच असतात. गॅमालॉग यांना कोअर हवी, ताईंना पंप-चाचणी, आम्लधारांना नमुने, गाळाचा_हिशेब यांना पाण्याची मूळ स्थिती. आधी काय?

गॅमालॉग
कोअर. पण एकाच कामासाठी नाही. एकाच कोअरचे उभे दोन भाग करा: अर्धा रासायनिक आणि समतोलाच्या तपासणीला, अर्धा आम्लधारांना. त्यांचा भाग लगेच हवाबंद पिशवीत, नायट्रोजन भरून, गोठवून ठेवा. उघड्यावर महिनाभर पडलेली कोअर ऑक्सिडीकृत होते आणि मग चाचणीत ऑक्सिडंट कमी लागते असे खोटेच दिसते.

आम्लधारा
हे अगदी बरोबर. पेटीतली जुनी कोअर चाचणीला आणून देऊ नका.

भूजल
आणि कोअर काढून झाल्यावर तीच बोअर बुजवू नका. मी वर बुजवायला सांगितले ते ज्या बोअरचा पुढे उपयोग नाही त्यांच्यासाठी. ही बोअर थोडी रुंद करा, केसिंग घाला, बाहेरची पोकळी सिमेंटने भरा, खनिजाच्या थरासमोरच जाळी ठेवा. झाली निरीक्षण विहीर. अशा पाच-सहा विहिरी खनिजाच्या थरात, दोन वरच्या जलधरात, एक खालच्या. वरच्या आणि खालच्या विहिरींसाठी नवी बोअर मारा, खनिजाच्या थरातून गेलेली वापरू नका.

पहिले नमुने विहीर पूर्ण धुऊन, पीएच आणि वाहकता स्थिर झाल्यावरच घ्या. त्यानंतर दर तीन महिन्यांनी, निदान वर्षभर: युरेनियम, रेडियम, क्लोराइड, सल्फेट, आर्सेनिक, सेलेनियम आणि पाण्याची पातळी. खनिजाच्या थरातले पाणी मुळातच रेडियमयुक्त असते. ते आधी नोंदवले नाही तर दहा वर्षांनी खाण बंद करताना तुम्ही काय बिघडवले आणि काय मुळात तसेच होते, हे ना तुम्हाला सिद्ध करता येते ना शेजारच्या गावाला. पंप-चाचणी याच विहिरींवर पुढच्या वर्षी करा, तोवर पातळीचा ऋतुमानानुसार चढ-उतारही हाती आलेला असेल.